कुत्र्यांचा तान्हा पोळा

मला कुत्र्यांची भीती वाटते. पशुसंवर्धन खात्यात आयुष्य काढलेल्या माणसानं हे छापून सांगावं का, यावर आमच्या घरी चर्चा झाली. बायको म्हणाली, "सांगा ना बाप्पा, सांगा. आख्ख्या जिल्ह्याले माहीत आहे, तुमच्या खात्यालेच तेवढं माहीत नाही." तिच्या मते कुत्रं शेपूट हलवायला लागलं की मी पाय हलवायला लागतो.

बैलाचं मला कधी काही वाटलं नाही. अडलेल्या म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून वासराचा पाय शोधताना मी मालकाशी निवडणुकीच्या गप्पा मारत असे. पण दोन वितीचं कुत्र्याचं पिल्लू समोर आलं की तोंडचं पाणी पळायचं. मी होतो पशुधन पर्यवेक्षक. म्हणजे डॉक्टरच्या खाली आणि ड्रेसरच्या वर. ज्याला मान थोडा आणि सायकलपासून मोटारसायकलपर्यंत फिरणं भरपूर, असा माणूस. गावात सगळे 'डाक्टर साहेब' म्हणायचे आणि मीही कोणाची चूक दुरुस्त करायच्या भानगडीत पडलो नाही.

आर्णीला असताना एक निवृत्त मुख्याध्यापक अल्सेशियन घेऊन माझ्याकडे यायचे. त्याच्याशी ते फक्त इंग्रजीत बोलत. 'सिट' म्हटलं की तो उभा राहायचा, 'कम' म्हटलं की गेटकडे पळायचा. मी एकदा सुचवलं, "सर, मराठीत सांगून पाहा ना." ते भयंकर संतापले. "अहो, जातिवंत कुत्रा आहे तो!" तेवढ्यात रस्त्यावरून भाजीवाली ओरडली, "ए, बस खाली!" आणि जातिवंत कुत्रा गपकन बसला. सरांनी ते पाहिलं नाही असं दाखवलं. मीही दाखवलं, कारण तेव्हा मी टेबलावर चढून उभा होतो.

तर अशा या शूर माणसावर खात्यानं एक काम सोपवलं. शाळाशाळांत जाऊन मुलांना कुत्र्यांबद्दल शिकवायचं. कुत्रा पाळावा कसा, त्याला लस कधी द्यावी, चावला तर काय करावं. मुलांनाच का, तर एक म्हणजे कुत्रा चावतो तो बहुतेक पोरासोरांनाच. तीच त्याच्या ताटाशी खेळतात, शेपूट ओढतात, झोपलेल्याला उठवतात. दुसरं म्हणजे मोठी माणसं आमचं ऐकत नाहीत. कुत्रा चावलेल्या जागी मिरची भरायची, चुना लावायचा, नाहीतर उतारा करणाऱ्या बाबाकडे जायचं, हे त्यांचं पक्कं ठरलेलं. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यानंतरचा आजार एकदा अंगात दिसायला लागला की जगातला कोणताही डॉक्टर हात टेकतो. त्याच्या आधी साबणपाण्यानं जखम भरपूर धुवायची, दवाखान्यात जाऊन सुया घ्यायच्या, एवढाच उपाय. सोपा आहे, फक्त वेळेवर केला पाहिजे.

कापसानं जिल्ह्याची दैना केली, ती ही वर्षं. गावात पांढरी गाडी शिरली की लोक ओळखायचे, पाहणीवाले आले. पत्रकार यायचे, पुढारी यायचे, विद्यापीठाचे लोक यायचे. त्यांच्यामागून माझी फटफटी. मागच्या सीटवर गुंडाळलेला तक्ता. एका गावात पारावर बसलेल्या म्हाताऱ्यानं मला थांबवलं.

"काय आणलं डाक्टर?"

"कुत्र्याविषयी माहिती आहे बाबा. शाळेत सांगायची आहे."

"कुत्र्याची?" त्यानं गुंडाळलेल्या तक्त्याला बोट लावून पाहिलं. "कापसाचं काही सांगा नं बाप्पा. कुत्र्याचं आमचं बरं चालू आहे."

मी हसलो, फटफटीला किक मारली, ती सुरू झाली नाही. त्यानंच उठून धक्का दिला.

आता मुख्य गावाकडे येतो. मुकुटबनच्या पुढचं ते गाव. नाव सांगत नाही, तिथल्या लोकांना माझी पुष्कळ दयनीय रूपं ठाऊक आहेत. पोळ्याच्या दोनेक आठवडे आधी गावातून एक पिसाळलेलं कुत्रं धावत गेलं. माणूस कोणी त्याच्या तावडीत सापडला नाही, पण गावच्या कुत्र्यांशी त्याची झोंबाझोंबी झाली, ती कोणकोणत्या कुत्र्यांशी हे कोणाला सांगता येईना. लगेच मला शाळेत व्याख्यान आणि नंतर लसीकरण, असा हुकूम.

शाळेत मडावी सर होते. चौथीपर्यंतची शाळा, सर एकटे. मी तक्ता टांगला. तक्त्यावर गुलाबी गालांचा, बूट घातलेला मुलगा आणि लांब केसांचा, चेंडू तोंडात धरलेला परदेशी कुत्रा. पोरं बघतच राहिली. शेवटी एकानं विचारलं, "सर, हे बकरी कोण्या गावची होय?"

मी व्याख्यान ठोकलं. आवाज माझा चांगला आहे, त्याचा मला नेहमीच धोका झाला आहे. "कुत्र्याचा मालक कोण?" मी गरजलो. उत्तर आलं, "गावचा!" मी म्हणालो, नाही, गावचा कुत्रा म्हणजे कोणाचाच नाही. जो भाकर टाकतो तो मालक. मालकानं लस द्यायची, पाणी द्यायचं, पिसवा काढायच्या. आणि मग मी माझं ठेवणीतलं वाक्य टाकलं, "कुत्रा चावला तर चूक कोणाची? मालकाची!" हे वाक्य मुलांना फार आवडलं. मी तीन वेळा म्हणवून घेतलं. तिसऱ्या वेळी कौलावरची कबुतरं उडाली, आणि मला वाटलं, वा, काय शिकवतो आपण.

पहिल्या बाकावर अश्विनी नावाची मुलगी होती. चौथीतली. सगळ्यात मोठा आवाज तिचा. तास संपल्यावर माझ्यामागे आली. "सर, भुऱ्याले मी भाकर टाकतो. मंग मी मालक झालो का?" आमच्याकडे पोरीही असंच बोलतात. मी तिच्या पाठीवर थाप मारून म्हणालो, "झाली बेटा, आजपासून तूच मालक."

आता प्रश्न कुत्री लसीला आणायची कशी? मोठी माणसं निंदणात गुंतलेली. आणि धरून आणलेल्या कुत्र्यांच्या नुसत्या कल्पनेनंच मी चढायला टेबल शोधायचो. तिथं मला ती अफलातून युक्ती सुचली. आमच्या विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. मुलं लाकडी बैल सजवून तोरणाखाली आणतात, घरोघर फिरतात, लोक त्यांना बोजारा म्हणून काहीतरी हातावर ठेवतात. मी मडावी सरांना म्हणालो, "त्याच्या दुसऱ्या दिवशी आपण कुत्र्यांचा तान्हा पोळा भरवू. पोरं आपापला कुत्रा सजवून आणतील. मी बसल्या जागी सुया टोचीन."

सर शांत माणूस. ते म्हणाले, "साहेब, पोळ्यात बैल एकमेकाच्या बाजूले उभे राह्यतात. कुत्रे राह्यतीन का?"

"संस्कार करावे लागतात सर," मी म्हणालो.

त्याच्या दोन दिवस आधीच्या खऱ्या पोळ्यात बैल फार कमी होते. कित्येकांचे विकले गेलेले. तोरणाखाली मोकळी जागा पाहून झडत्या म्हणायलाही कोणाला उत्साह नव्हता. झडती म्हणजे पोळ्यात तोरणाखाली ओरडून म्हणायची तिरकस कविता. मी मात्र घरी बसून कुत्र्यांच्या पोळ्यासाठी एक झडती रचली होती. ती अशी,

'कुत्रं आलं दारी, त्याले टाका भाकर सारी,
सुई घ्याले या रे पोट्टेहो, नाहीतर बिमारी भारी!'

बायकोनं ऐकली आणि कुकर बघायला उठून गेली. कुकर लावलेलाच नव्हता.

ठरल्या सकाळी शाळेच्या फाटकाला मुलांनी पळसाच्या पानांचं तोरण बांधलं होतं. कुत्री आली. कोणाच्या अंगावर आईच्या ब्लाउजपीसची झूल, कोणाच्या पाठीवर गेरूचे ठिपके. एकाच्या कानांना बेगड, कारण शिंगं नव्हती. मुलांनी त्यांना पोळ्यासारखं ओळीनं उभं केलं, आणि लगेच वाद सुरू झाला तो मानाचा. पोळ्यात पहिला मान पाटलाच्या बैलाचा असतो, मग पाटलाच्या नातवाचा कुत्रा पुढे पाहिजे. दुसरे म्हणाले, त्याच्या कुत्र्याले एक डोळाच नाही, तो कायचा मानाचा? वाद मुलांचा चालू होता, पण कुत्र्यांनी तो आपल्या हाती घेतला. पुढची काही मिनिटं काय झालं ते मी नीट सांगू शकत नाही, कारण मी शाळेच्या खिडकीच्या गजाला धरून वर होतो. झुली फाटल्या, तोरण खाली आलं, एक कुत्रा बेगडासकट माझ्या लसीच्या बर्फाच्या डब्यात तोंड घालून गेला. पारावरचा तो म्हातारा नव्हता, पण त्याच्यासारखे दहा होते आणि ते सगळे पोट धरून हसत होते. त्या वर्षी त्या गावात एवढं हसू मी पहिल्यांदा ऐकलं. मडावी सरांनी दोन पोरांच्या मदतीनं एकेक कुत्रा धरून दिला, तेव्हा कुठे मी खाली उतरून सुया टोचल्या. धरत सर होते, घाम मला फुटत होता.

शेवटी बक्षीस म्हणून सगळ्यांना बिस्किटाचे पुडे. अश्विनी कुत्र्याशिवाय आली होती. "भुऱ्या कुठं आहे?" विचारलं तर "पळाला" म्हणाली. मी घोषणा म्हणवून घेतल्या, "चूक कोणाची?" "मालकाची!" सगळी पोरं ओरडली, ही पोरगी ओठ आवळून उभी. मला राग आला. एवढी शिकवली आणि आता रुसली! बिस्किट घ्यायला तिनं डावा हात पुढे केला.

"हे काय? डाव्या हातानं घेतात का? उजवा काढ," मी दरडावलं.

ती हलेना. ओढणीखाली उजवा हात दडवलेला. "काढ म्हणतो ना!"

तिनं काढला. फडकं बांधलेलं, त्यातून हळदीमिरचीचा पिवळा-तांबडा ओघळ. मनगटाच्या वर दातांच्या खुणा.

"कधी?"

"मोठ्या पोळ्याच्या आदल्या दिवशी." ती रडत नव्हती, तेच वाईट होतं. "बैलाची घुंगरमाळ त्याच्या गळ्यात बांधून राह्यलो होतो, तुमच्या पोळ्यासाठी. वाजली अन् भेला तो. चावला. पण चूक माही आहे ना सर? मी मालक आहो. मंग सांगू कसं? बाबा त्याले मारून टाकतीन. अन् पोटात चौदा सुया देतेत म्हणे."

पोटातल्या सुयांचे दिवस गेले होते. दंडातच द्यायच्या, त्याही मोजक्या. हे मी माझ्या व्याख्यानात सांगितलं नव्हतं. कबुतरं उडवण्यात वेळ गेला होता. तीन दिवस ती पोरगी माझं वाक्य उराशी धरून जखम लपवत फिरली होती.

मडावी सर तिला बोरिंगवर घेऊन गेले. फडकं सोडलं, मिरची धुतली, साबण लावून धुतच राहिले. मी माणूस पाठवून तिच्या वडिलांना वावरातून बोलावलं. नामदेव नाव. आला तो बैलगाडीच्या कडेचा दांडका, म्हणजे उभारी, हातात घेऊनच. त्यानं पोरीचा हात पाहिला, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि सरळ घराकडे निघाला, भुऱ्याला मारायला.

मी आडवा गेलो. माझ्या आयुष्यात कुत्र्याला वाचवायला मी एवढा एकदाच धावलो. "नामदेवभाऊ, त्याले मारू नका. तो जिवंत राहिला पाहिजे!"

"काहून? माह्या पोरीले चावला तो. पिसाळलेल्या कुत्र्याशी भिडला असन म्हणते गाव. अन् त्याले जेऊ घालू?"

"हो, जेऊ घाला. अश्विनीला आजच दवाखान्यात नेऊ, सुया लागतीलच. पण कुत्र्याला बांधून ठेवा. चावल्यापासून दहा दिवस तो नीट खातपीत जगला, तर त्याच्या लाळेत विष नव्हतं, पोरगी सुखरूप. मारून टाकला तर आपल्याला कधीच कळणार नाही."

नामदेव उभारी टेकवून उभा राहिला. "म्हणजे त्याच्या जिवावर माही पोरगी?"

"तसंच समजा."

त्या दिवशी दुपारच्या गाडीनं आम्ही तालुक्याच्या दवाखान्यात गेलो. अश्विनीनं पहिली सुई घेतली, दंडात, एकच. बाहेर येऊन म्हणाली, "एवढंच?" मला तिच्या तोंडाकडे बघवेना.

भुऱ्या पळालेला नव्हताच, त्याला नामदेवच्या गोठ्यात साखळीनं बांधला. गोठ्यात एकच बैल उरला होता, दुसऱ्याची जागा रिकामी होती. मी रोज संध्याकाळी कुत्रा बघायला जायचो. बघायचं काय, तर तो पाणी पितो का, भाकर खातो का, आवाज बदलला का, उगाच लाकूड चावतो का, चालताना मागचे पाय ओढतो का. हे सगळं मी शेजारच्या कुडावरून मान उंच करून बघायचो. नामदेव म्हणाला, "डाक्टर, कुत्रा पाहून राह्यले का चंद्र?" आणि भुऱ्याकडे जाऊन त्याच्या पुढ्यात स्वतः भाकर मोडून टाकली. तो कुत्र्याशी बोलत नसे. भाकर टाकायची आणि तोंडाकडे बघत बसायचं. घास गिळला की उठायचं.

एक दिवस भुऱ्यानं तोंड लावलं नाही. भाकर तशीच, पाणी तसंच. तोंडातून थोडी लाळ. मी कुडावरून खाली उतरलो आणि पहिल्यांदा गोठ्यात शिरलो. अश्विनी दाराशी उभी होती. नामदेवची बायको चुलीपुढून उठलीच नाही. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी खात्याचं तोंड घेऊन उभा. मला त्या क्षणी एवढीच इच्छा होती, की मी खरा डॉक्टर असतो.

तेवढ्यात भुऱ्यानं मान खाली घातली, पोट आत ओढलं आणि भडाभडा ओकला. बिस्किटं. नुसती बिस्किटं. त्यात एक करंजी, जवळजवळ अख्खी.

नामदेव ओरडला, "कोणं टाकलं रे हे?"

कुडाच्या मागून पायांचा आवाज झाला आणि शाळेची अर्धी चौथी पळाली. बोजाऱ्यात मिळालेला सगळा खाऊ ती पोरं दिवसभर कुडाच्या फटीतून भुऱ्याला घालत होती. अश्विनी वाचावी म्हणून. कुत्रा जगला पाहिजे असं डाक्टरनं सांगितलं ना? मग खाऊ घाला! माझ्या शिकवण्याचा हा दुसरा परिणाम. भुऱ्यानं पुढच्या सकाळी भाकर खाल्ली आणि भांडंभर पाणी प्यायला.

दहावा दिवस उलटला. भुऱ्या साखळी ताणून शेपूट हलवत होता. मी म्हणालो, "नामदेवभाऊ, झालं. कुत्रा ठणठणीत आहे. राहिलेली सुई अश्विनी घेईलच, पण आता घोर नाही."

नामदेव गोठ्यातच खाली बसला. तोंडावर गमछा घेतला आणि मोठ्यानं रडला. बायका रडतात तशी माणसंही रडतात हे मी पाहिलेलं होतं, पण त्या वर्षांत आमच्याकडे ज्या कारणांनी रडत, त्यापेक्षा हे कारण वेगळं होतं. मग डोळे पुसून म्हणाला, "साहेब, याले लसीची सुई लावून द्या. गावचा नाही, आता हा माहा आहे."

मला भरून आलं. भरून आलं की मी मूर्खपणा करतो. मी कोणालाही धरायला न सांगता, एखाद्या बैलाकडे जावं तसा, सिरिंज घेऊन भुऱ्याकडे गेलो, "ये रे बाबा" म्हणत. आणि त्यानं माझ्या उजव्या हाताचा चावा घेतला.

आता ऐका, अनुभवी पशुधन पर्यवेक्षकानं काय केलं. मी ओरडलो नाही. मी हात झटकन पँटच्या खिशात घातला आणि हसत म्हणालो, "काही नाही, काही नाही, लागलं नाही." रक्त खिशातून खाली मांडीवर ओघळायला लागलं होतं, आणि मी नामदेवला कापसाच्या झाडांबद्दल विचारत होतो.

अश्विनी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "सर, उजवा हात काढा."

"अगं, काही नाही बेटा."

"काढा म्हणतो ना!"

मी काढला. तिनं माझी बाही धरली आणि मला ओढत बोरिंगवर नेलं. नामदेव हापसत होता, तिची आई साबणाची वडी घेऊन आली. चौथीतली ती पोरगी तिच्या बऱ्या होत आलेल्या हातानं माझा हात घासत होती, मी हात ओढायला लागलो की आणखी घासत होती. "अजून नाही झालं," ती म्हणाली. "उद्या माही सुई आहे. माह्याच गाडीत या. बाजूले बसा, म्हणजे पळून जाणार नाही."